राहून गेलेलं जाणं

परवा दुपारी मागच्या दारी कपडे वाळत घालत होते, तर वारं फिरलं आणि वाळत्या बोंबलांचा वास आला. म्हणजे थंडी आली. कॅलेंडर काहीही म्हणो, आमच्या चिंचणीत थंडी आधी नाकाला कळते, मग अंगाला. खाली दांडी-नवापूर गावांपर्यंत किनाऱ्यावर बांबूच्या आडव्या दांड्या बांधतात आणि त्यांच्यावर बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीनं टांगतात. बाहेरगावचा पाहुणा नाकाला रुमाल लावतो, मी छाती भरून वास घेते. यंदाही घेतला. हातातला पिळलेला टॉवेल तसाच राहिला. दोन वर्षांपूर्वीचा तो हिवाळा समोर येऊन उभा राहिला, न बोलावता.

तो हिवाळा मी फोनची वाट बघत काढला. कुणा माणसाच्या फोनची नव्हे हो, ते वय गेलं. कारखान्याच्या फोनची.

मी औषधांचा कच्चा माल तपासणारी बाई. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, नाव कशाला सांगा, प्रयोगशाळेत उभं राहून माझे केस पांढरे झाले. लग्न केलं नाही. म्हणजे झालं नाही. म्हणजे दोन्ही थोडं थोडं. आई होती तोवर घरी वाट बघणारं कोणीतरी होतं. ती गेल्यावर सकाळची कंपनीची बस हेच माझं सासर आणि हेच माहेर. अठ्ठावन्नाव्या वर्षी नियमाप्रमाणे निवृत्तीची वेळ आली, तेव्हा ऑफिसातली एक गोड मुलगी लॅपटॉप घेऊन समोर बसली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्हाला आम्ही सोडणारच नाही. आता तुम्ही सल्लागार. घरून रिपोर्ट बघायचे, गरज लागली की यायचं. वेळेचं बंधन नाही. एकदम फ्लेक्सिबल!"

मी म्हटलं, "बाई गं, वेताची छडीपण फ्लेक्सिबलच असते."

ती हसली, मीही हसले. खोटं कशाला बोलू, मनातून हरखले होते. माझ्या बरोबरीचे लोक निवृत्त होऊन कुणी नातवाला शाळेत सोडत होता, कुणी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून भांडत होता. मला मात्र कारखाना सोडत नव्हता. चारचौघांत सांगताना मान जरा ताठच व्हायची.

आता गंमत बघा. जो जातो त्याला निरोप देतात. शाल, श्रीफळ, दोन शब्द, समोसा. मी कुठे जात होते? म्हणून मला निरोप दिलाच नाही. शेवटच्या दिवशी मी ठेवणीतली साडी नेसून गेले होते, डोक्यात भाषण तयार होतं. संध्याकाळी अमेय जिन्यात भेटला. अमेय म्हणजे माझ्या हाताखाली शिकलेला मुलगा, आता प्रयोगशाळेचा प्रमुख. "मॅडम, तुमचं काय, तुम्ही इथेच आहात की! केव्हाही या!" असं म्हणून तो मीटिंगला पळाला. मी साडी सावरत बसमध्ये जाऊन बसले. त्या दिवशी मला काही वाटलं नाही. ते नंतर वाटलं, आणि चांगलं महिनोन्‌महिने वाटत राहिलं.

सुरुवातीला फोन यायचे. दिवाळीपर्यंत तर बरेच. "मॅडम, हा निकाल मर्यादेबाहेर गेलाय, काय करू?" "मॅडम, त्या जुन्या मशीनचं झाकण उघडत नाहीये." मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून, शेजारी चहा घेऊन, शांतपणे सांगायची. उंटावरून शेळ्या हाकण्याचं काम, पण मजा यायची. मग हळूहळू फोन विरळ झाले. त्यांनाही शिकायचंच होतं ना, आणि मीच तर शिकवलं होतं! कुणी मला काढलं नाही, कुणी काही वाईट बोललं नाही. फक्त एक दिवस लक्षात आलं की आठवडा झाला, कुणाला माझी गरज लागलेली नाही.

सकाळी कंपनीची बस आमच्या नाक्यावरून जायची तेव्हा हॉर्न द्यायची. अजूनही देते. तो हॉर्न ऐकला की माझे पाय आपोआप चपला शोधायचे. एकदा तर खरोखरच गेले. अंघोळ, वेणी, खांद्याला पर्स, डब्यात भाजी-पोळी, आणि नाक्यावर जाऊन उभी राहिले. बस आली, दार उघडलं, ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, आज बोलावलंय का?" मागच्या बाकांवरची तोंडं माझ्याकडे वळली. माझ्या खिडकीच्या जागेवर एक पोरगी कानात गाणी घालून झोपली होती. मी म्हटलं, "नाही हो, भाजी घ्यायला आलेय." सकाळच्या त्या वेळी नाक्यावर भाजीवाला सोडा, कुत्रंसुद्धा नव्हतं. दार बंद झालं आणि बस गेली. घरी येऊन मी तो डबा दुपारी एकटीनं खाल्ला, डब्यातूनच.

आमच्या कामात एकट्या माणसाचं काही खरं धरत नाहीत. वजन एकानं करायचं आणि दुसऱ्यानं शेजारी उभं राहून बघायचं, मगच ते वजन. एकट्यानं केलेलं कितीही अचूक असलं तरी ते झालेलंच नाही असं समजायचं. ही सवय हाडीमांसी खिळलेली. त्या हिवाळ्यात मी तिळाच्या लाडवांसाठी गूळ मोजला आणि काटा बघायला कोणी आहे का म्हणून मान वळवली. स्वयंपाकघरात कोण असणार? फ्रिज होता. मग मी फ्रिजला म्हटलं, "बघितलंस ना रे बाबा?" आणि स्वतःचंच हसू आलं, आणि लगेच रडूही आलं. लाडू छान झाले होते. कुणाला देऊ ते कळेना, म्हणून शेजारी हरीकाकांकडे नेले.

हरीकाका म्हणजे भिंतीपलीकडचे डाय कोरणारे. आमच्या गावात हा जुना धंदा आहे. पोलादाच्या ठोकळ्यावर दागिन्याची नक्षी उलटी कोरायची, मग सोनार त्यावर पत्रा दाबून दागिना काढतो. काका पंचाहत्तरीचे, पण पडवीत बसून रोज ठकठक चालू. आयुष्यभर घरातूनच काम, ना साहेब ना सही. मी लाडवांचा डबा पुढे केला आणि म्हटलं, "काका, आता मीपण तुमच्यासारखीच. घरबसल्या."

काकांनी भिंग डोळ्यावरून वर सरकवलं. "माज्यासारकी? छे! मी कामाची वाट बगतो गं. तू मानसांची बगतेस. तो फरक हाय."

"काम आलं नाही तर तुम्ही काय करता?"

"काम नाय आला तर झोप काढतो. तुला झोप येते का?"

येत नव्हती. पण ते मी त्यांना सांगितलं नाही. काकांनी मला एक युक्ती सांगितली. सकाळी कपडे करून घरातून बाहेर पडायचं, समुद्रापर्यंत चालत जायचं आणि परत येऊन कामाला बसायचं. म्हणजे मनाला कामावर आल्यासारखं वाटतं. ते स्वतः रोज तसंच करायचे म्हणे. मी करून बघितलं. सुरूच्या झाडांपर्यंत गेले, परत आले, कुलूप उघडलं. घर जसं सोडलं होतं तसंच होतं. कपातला उरलेला चहासुद्धा तिथंच होता. काकांना परतल्यावर काकू दिसायच्या, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं बहुतेक.

लवचिक म्हणजे काय, ते मला त्या हिवाळ्यात कळलं. बांधलेल्या माणसाला निदान सुटी असते. मला सुटी नव्हती, कारण मला वेळच नव्हती. कधीही बोलावतील, म्हणजे कायम तयार राहायला हवं. फोन अंघोळीला जाताना न्हाणीघराच्या खिडकीत. फोन देवघरात, निरांजनाशेजारी. पालघरला मावसबहिणीच्या मुलीची हळद होती, गेले नाही. का? तर थंडीत आमच्याकडे ऑडिटचे दिवस असतात. बाहेरचे तपासनीस येतात, सगळी प्रयोगशाळा पिंजून काढतात, आणि त्यांच्या तिरक्या प्रश्नांना उत्तरं द्यायला इतकी वर्षं मीच असायची. अमेय कितीही हुशार झाला तरी त्या दिवशी तो मला बोलावणार, ही काळ्या दगडावरची रेघ होती. "तब्येत बरी नाही," असं बहिणीला खोटंच सांगितलं आणि हळदीच्या दिवशी इस्त्रीची साडी खुर्चीवर टाकून बसून राहिले. वाटत होतं, एकदा का हे ऑडिट झालं की कळेल, मी त्या कारखान्यात आहे की नाही. बाकी मला काही नको होतं.

जानेवारीत बोईसरच्या बाजारात मंदा भेटली. मंदा नवापूरची, आमच्या प्रयोगशाळेतली मदतनीस. काचसामान धुण्यापासून ते कुणाचा मूड कसा आहे ते सांगण्यापर्यंत सगळं तिच्याकडे. मी लागले त्याच्या पुढच्याच वर्षी ती लागली, म्हणजे आम्ही तशा जावाच. हातात सुक्या बोंबलांची जुडी. मला बघून तिनं रस्त्यातच मिठी मारली, बोंबलांसकट.

"कवापासून तुमची आठवन काढते! आडिट झाला ना परवा, लय बेस झाला. एक चूक नाय निगाली. अमेयसरांनी पेढं वाटलं. मी म्हनलं, मॅडम कुटं ऱ्हायल्या?"

"अगं मला बरं नव्हतं," मी म्हटलं. तोच खोटेपणा, आता सवयीचा झालेला.

"बघा! म्हनूनच नसंल बोलावलं," ती म्हणाली आणि माझ्याकडे एक क्षण बघत राहिली. मंदाला फसवणं सोपं नाही. तिनं जुडी सोडून अर्धे बोंबील माझ्या पिशवीत कोंबले आणि दुसरंच काहीतरी बोलायला लागली.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे आईकडून हजारदा ऐकलं होतं. पण आपणच ते कोंबडं असू, असं कुणाला वाटतं? घरी येईपर्यंत शेअर रिक्षात मी बाहेरच बघत होते. वाईट ह्याचं वाटत नव्हतं की माझ्यावाचून झालं. चांगलं झालं हेच शिकवणाऱ्याला हवं असतं. वाईट ह्याचं वाटलं की मी तिथे नव्हते आणि एक मंदा सोडली तर कुणाला ती जागा रिकामी दिसली नाही. मेलेल्या माणसाची जागासुद्धा तेरा दिवस रिकामी ठेवतात हो.

दुसऱ्या दिवशी मी न बोलावता गेले. केव्हाही या म्हणाले होते ना, मग आले! गेटवर नवा पहारेकरी होता. "किससे मिलना है, मॅडम?" मी म्हटलं, "मैं यहीं की हूँ." तो बिचारा गोंधळला, मग अदबीनं खुर्ची दिली आणि वर फोन लावला. वरून अमेय धावत आला, मनापासून खूश झाला, हे सांगायलाच हवं. त्यानं मला सगळं फिरवून दाखवलं, नवं यंत्र, नवे दिवे. मी "वा, वा" करत होते. माझं टेबल तिथंच होतं, त्यावर प्रिंटर बसवला होता.

जेवणाची सुटी झाली. आमच्याकडे सगळे एका लांब टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसतात, आणि एकमेकांच्या डब्यांत हात घालून जेवतात. कुणाची कोलंबी, कुणाचं थेपलं, कुणाची नुसती चटणी-भाकरी. भाजी वाढायची ती डब्याच्या झाकणात. ताट फक्त पाहुण्यांना, म्हणजे तपासनीस, मुंबईचे साहेब असे कोणी आले तर कपाटातून काढतात. मी सवयीनं बाकाच्या टोकाला बसले आणि हात पुढे केला. तेवढ्यात एक नवी मुलगी लगबगीनं उठली, कपाट उघडलं, ताट काढून धुतलं, पुसलं, आणि माझ्यासमोर ठेवलं. सगळ्यांनी आपापल्या डब्यातलं चांगलं चांगलं त्यात वाढलं. "मॅडम, घ्या ना. मॅडम, अजून घ्या." सगळे माझं जेवण होईपर्यंत थांबून राहिले. इतकं प्रेमानं मला आजवर कुणी परकं केलं नव्हतं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसलेली मंदा खाली मान घालून जेवत होती.

हात धुतले आणि अमेयच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "अमेय, मला निरोप दे."

तो दचकला. "काय झालं मॅडम? कुणी काही बोललं का? अहो तुमचा करार चालू आहे. तुम्ही आमच्याच आहात."

"म्हणूनच तर म्हणतेय. मी असून नसल्यासारखी आहे रे. आपल्याकडे साधं वजन करायला दुसरं माणूस उभं लागतं. आणि मी इथून गेले हे बघायला कुणी उभंच राहिलं नाही. मग मी गेले कशी म्हणायची? घरी बसून फोनकडे बघते रोज. मला सोड."

अमेय पेनाचं टोपण काढत-घालत राहिला. डोळे भरून आले होते त्याचे, पोरगं चांगलंच आहे. "मला वाटलं, तुम्हाला सोडलं नाही म्हणजे तुमचा मान राखला," तो म्हणाला. मी म्हटलं, "मलाही तसंच वाटलं होतं."

आता बोईसरमध्ये जिकडेतिकडे माझ्या वयाचे सल्लागार दिसतात. कुणी बॉयलरचा, कुणी हिशेबाचा, कुणी सुरक्षेचा. चांगलं आहे, अनुभव वाया जाऊ नये. काहींना ते मानवतं, त्यांच्या घरी बोलायला माणसं असतात. परवा एक जुने ओळखीचे इंजिनियर औषधांच्या दुकानात भेटले, बोलताना दर दोन वाक्यांनी खिशातला फोन काढून बघत होते. मला इतकं भरून आलं! सांगावंसं वाटलं, भाऊ, जा त्यांच्याकडे आणि म्हणा, मला निरोप द्या. पण असं रस्त्यात कसं सांगणार? "वहिनी कशा आहेत?" एवढंच विचारलं.

आणि माझा एकटेपणा गेला का? नाही गेला. हरीकाका गेल्या पावसाळ्यात वारले, भिंतीपलीकडची ठकठक थांबली, उलट तो जरा वाढलाच. पण आता तो निदान माझा आहे. फोन वाजला नाही तर तो नुसता फोन असतो. मावसबहिणीकडे चार दिवस राहून येते, आणि तिथे फोन पिशवीच्या तळाशी असतो.

तर तो मागून घेतलेला निरोप. शुक्रवारी दुपारी, त्याच लांब टेबलाभोवती. शाल आणली होती, नारळ होता, समोसे होते. अमेयनं भाषण केलं. छान बोलला, मी त्याला पहिल्या दिवशी काचेची नळी फोडल्याबद्दल कसं झापलं होतं तेही सांगितलं. आणि शेवटी भावनेच्या भरात म्हणाला, "मॅडम कुठेही जात नाहीयेत! आपण कधीही हाक मारली तरी त्या येतील!" टाळ्या पडल्या. मी कपाळाला हात लावला. अरे देवा, ह्यानं परत बांधलं मला! मग मला दोन शब्द बोलायला सांगितले. तयार भाषण केव्हाच विरून गेलं होतं. मी म्हटलं, "पोरांनो, हाक मारू नका आता." सगळे हसले, त्यांना वाटलं मॅडम नेहमीसारखी थट्टा करतायत.

मंदा तेवढी हसली नाही. ती माझी पिशवी घेऊन गेटपर्यंत आली. दुपारचं ऊन, समोर ट्रकांची रांग, कुठल्याशा कारखान्याचा आंबूस वास. मी पिशवी घेतली आणि म्हटलं, "मंदा, जाते मी."

तिनं झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. "येते म्हना, मॅडम! जाते असं म्हनू नये, कळत नाय का तुमाला?"

तिचा हात फिनेलच्या वासाचा आणि ओला होता. मी तो हळूच बाजूला केला. "रोज संध्याकाळी येतेच म्हणत आले ना गं. आज जाते. तू बघ आणि मला जा म्हण."

तिला ते म्हणवेना. पहारेकरी बघत होता, एक ट्रक मागे घेताना पीं-पीं करत होता. मग तिनं पदर तोंडाशी धरला, माझ्याकडे नीट वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "बरं. जा."

आणि तिथंच, भर रस्त्यावर, हमसाहमशी रडायला लागली. मीही रडले. माझ्या जाण्यानं कुणीतरी रडत होतं, आणि मला, देवाशप्पथ सांगते, फार बरं वाटलं.